कागदी प्लेट्स

"प्लेट्स तुमच्याकडे," दामले वहिनी म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

ऐरोलीत आमच्या दोन बिल्डिंगांच्या मधे एक पट्टा आहे. तिथे डेब्रिज आणि कचरा होता. रहिवाशांनी ठरवलं, रविवारी सकाळी सगळ्यांनी उतरायचं, साफ करायचं, बाग करायची. काम झालं की एकत्र नाश्ता. प्रत्येक घराने एक पदार्थ करून आणायचा. कोणाकडे इडली, कोणाकडे शिरा. माझ्याकडे कागदी प्लेट्स. दर रविवारी.

"तुम्हाला ऑफिस असतं ना, धावपळ नको," वहिनी म्हणायच्या. इडलीवाल्या कदम बाईंनाही ऑफिस होतं. माझ्याच बसला असायच्या. त्यांची धावपळ वहिनींना दिसत नव्हती.

कारण साधं होतं. दारावरच्या पाटीवरून आमची जात त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखली होती. माझ्या हातातली पहार चालत होती. मी उचललेलं घमेलं चालत होतं. माझ्या हातचं अन्न चालत नव्हतं. प्लेट दुकानातून येते, पॅकबंद, तिला विटाळ नाही. केवढं डोकं चालवलं होतं या लोकांनी. एवढं गटाराच्या कामात चालवलं असतं तर पार्किंगमध्ये पाणी तुंबलं नसतं.

मला कळत होतं. तरी मी गप्प. फ्लॅट नवा, मुलगी लहान, शेजार धरून राहायचं होतं. वर हसून म्हणायचे, "बरं झालं, मला सोपं काम."

आईला यातलं काही माहीत नव्हतं. वडील गेल्यावर ती साताऱ्याहून माझ्याकडे आली. खिडकीत बसून खालचं काम बघायची. एका शनिवारी म्हणाली, "सगळ्या बाया डबं आणत्यात, अन् तू पुठ्ठ्याच्या ताटल्या घिऊन जातीस. लाज न्हाई वाटत?" तिने मटकी भिजवली. सकाळी उसळ केली आणि गरम पातेलं पदराने धरून स्वतः खाली घेऊन आली.

"अय्या आजी, कशाला त्रास घेतलात," वहिनी गोड बोलल्या. पातेलं घेतलं. टेबलाखाली ठेवलं.

आई कट्ट्यावर बसून बघत होती. इडली संपली. शिरा संपला. पातेल्याचं झाकण निघालं नाही. शेवटी वहिनींनी वॉचमनला हाक मारली. "यादव, ये लेके जाओ. वाया नको जायला."

यादवनेही सकाळपासून खड्डे खणले होते. त्याला नाश्त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

जिन्यात आई थांबली.

"तुला ठावं व्हतं?"

मी किल्ली शोधत राहिले.

"म्हंजी ठावं व्हतं," ती म्हणाली.

त्यानंतर आठवडाभर ती खिडकीत बसली नाही. शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या.

पुढच्या शनिवारी गेटपाशी पुन्हा कामांची वाटणी. वहिनी पुन्हा, "प्लेट्स तुमच्याकडे."

"नाही," मी म्हणाले. "मी उसळ आणणार. प्लेट्स तुम्ही आणा."

"मनाला लावून घेतलंत की काय? आम्ही असलं काही मानत नाही हो."

"मग उद्या खा."

कदम बाई मोबाइलमध्ये शिरल्या. सोसायटीच्या सेक्रेटरींनी घसा खाकरला. "अहो, बागेच्या कामात हे कशाला? आपण सगळे एक कुटुंब."

"रविवारी माझा उपास असतो," वहिनी म्हणाल्या.

"मागच्या रविवारी शिरा दोनदा घेतलात."

मागे कोणीतरी हसलं.

रविवारी प्लेट्स कोणीच आणल्या नाहीत. शिकलेसवरलेले लोक हातावर इडली घेऊन उभे. चटणी कोपरापर्यंत ओघळत होती. मी उसळ आणि घरच्या स्टीलच्या ताटल्या आणल्या होत्या. यादवला म्हणाले, "बसा."

"मॅडम, इधर?"

"इधरच."

तो बसला. मी वाढलं. आम्ही दोघे टेबलाशी बसून जेवलो. दोन घरांना अचानक घरची कामं आठवली. बाकीचे टेबलाकडे पाठ करून झाडांकडे बघत राहिले. कोणाचं मन वगैरे बदललं नाही. कोणी उसळीला हात लावला नाही. आई खाली आलीच नाही. "म्या न्हाई यायची तितं," म्हणाली.

आता सेक्रेटरी सुचवतात, "मॅडम, तुम्ही दमता. बागेचं काम इतर बघतील." किती मऊ आवाज. मी निघून जावं, म्हणजे यांचं कुटुंब पुन्हा सुखाने नाश्ता करेल.

मी जाणार नाही. या मातीतल्या विटा मी उपसल्यात. दर रविवारी उतरेन, खणेन, आणि काम झालं की टेबलाशी बसून जेवेन. यादव शेजारी बसेल. ज्यांना आमच्या पंक्तीला बसवत नाही त्यांनी उठावं, घरी जावं, उपाशी राहावं. मी उठणार नाही.