पेल्याच्या बुडावरचा ठिपका

सोनाबाईला कुणी काही दिलं की ती आधी ते उलटं करून बूड बघायची. मडकं असो, टोपली असो, नाहीतर माणूस. "वरून सगळीच गोरी," म्हणायची, "काळं काय ते बुडाला." नवरा गेल्यापासून ती रस्त्याच्या खडीवर मजुरीला जात होती. पोलादपूरच्या पलीकडच्या त्या वाडीत ही बाई कुणाच्या गोड बोलण्याला भुललेली कुणी पाहिली नव्हती.

पोलादपूरच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या सरोजबाई राहायला महाडला. अठ्ठ्याण्णव साली त्या म्हणाल्या, "दहावीच्या पेपरांपुरती तुमच्या प्रियदर्शिनीला माझ्या घरी ठेवा." तेव्हा सोनाबाईनं एवढंच विचारलं, "का?"

"का म्हणजे? केंद्र महाडला. तुमच्या वाडीची पहिली एसटी तिथं पोचते साडेअकराला, आणि पेपर अकराला."

"ते ठाव हाय. तुमी का, ते विचारते."

बाईंनी पुन्हा एसटीच्याच वेळा सांगितल्या. मग सोनाबाईनं खाडा केला आणि लेकीबरोबर स्वतःच आली.

बाईंचं घर चवदार तळ्यामागच्या आळीत. वीस मार्च जवळ आलेली, तळ्यापाशी मांडवाचे वासे येऊन पडले होते. सासूचा हात धरून सोनाबाई दरसाल तिथवर यायची. त्यापुढच्या या आळीत मात्र तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं.

"सायब कुठं हायत?" तिनं चप्पल काढतानाच विचारलं.

"ते... बाहेरगावी गेलेत."

दोरीवर पुरुषाचा बनियन ठिबकत होता. आतल्या खोलीचं दार ओढून घेतलेलं. जरा वेळानं त्या दारामागं कुणीतरी खोकलं. सोनाबाईनं लेकीला भिंतीकडं सरकवलं आणि स्वतः दाराच्या बाजूला बसली.

जेवणं बाहेरच्या खोलीत झाली. ताटं-पेले बाईंनी मांडणीवरून नाही, वरच्या फळीवरून काढले. वाढलं ते लांबून. पाणी ओतलं तेही हात उंच धरून, बारीक धारेनं. सोनाबाईचा घास गालात तसाच राहिला.

मोरीवर पेला घासताना तिनं सवयीनं उलटा केला. बुडाला लाल ठिपका. लेकीच्या पेल्यालाही. मांडणीवरचे चार पेले उचलून बघितले. ठिपका नाही. तिच्या लहानपणी आईला चहा मिळायचा तो मालकाच्या वळचणीला खोचलेल्या कपबशीत. ती कपबशी आईच धुवायची आणि परत खोचायची.

"प्रिया, दप्तर भर."

"आये, उद्या भूमिती हाय!"

"तळ्याकाठी बसून वाच. तिथं आपल्याला कोण उंचावरून पाणी घालत नाय."

"पण बाई तशा नायत गो!"

"तशा कोणच नसतात, बूड बघंपर्यंत."

पोरीचे डोळे भरले. तिनं कंपासपेटी दप्तरात टाकली, परत बाहेर काढली. ते बघून सोनाबाई थांबली. दोन वेळच्या भाकरीतली एक तोडून तिनं या पोरीची फी भरली होती. जायचंच, पण बोलून. तिनं ठिपक्याचा पेला काठोकाठ भरला आणि सरोजबाईंसमोर धरला.

"दमलात. घ्या, पाणी प्या."

बाईंचा हात पुढं आला आणि मागं गेला. "नको. त्यातून नको."

"का? बाटंल?"

"बाटेल," बाई म्हणाल्या, "माझ्यामुळे." त्यांनी आतल्या दाराकडं बोट केलं. "ह्यांना कावीळ झालीय, सोनाबाई. पंधरा दिवस झाले. ह्यांचं सगळं मीच करते. म्हणून तुमची भांडी नवी आणली, पाणी उकळून ठेवलं, लांबून वाढलं. सरमिसळ नको म्हणून खाली नेलपॉलिश लावलं."

"मग बोलला का नाय?"

"बोलले असते तर तुम्ही हिला पाठवली असती?"

"दार उघडा."

बाईंनी उघडलं. खाटेवर बाईंचे यजमान चिंतामणराव बसले होते. दाढी वाढलेली, डोळे हळदीत बुडवून काढल्यासारखे. त्यांनी हात जोडले.

"नमस्कार. बाहेरगावी गेलेला तो मीच."

प्रियदर्शिनी फिसकन हसली. सोनाबाई हसली नाही.

"बाई, वेगळ्या पेल्याचा आमच्याकडं एकच अर्थ. हे तुमच्या डोक्यात नाय आलं?"

सरोजबाईंनी मान खाली घातली. "नाही आलं."

"तेच तर. तुमच्या डोक्यात येत नाय, आमच्या डोक्यातून जात नाय."

कावीळ असलेल्या घरात पोरीला ठेवायची, की उद्याचा पेपर उघड्यावर काढायचा? सोनाबाई उठली. उकळलेल्या पाण्याच्या पातेल्यावरचं झाकण काढून तिनं आत वाकून बघितलं, वास घेतला.

"पेपर संपंपर्यंत चूल माझी. तुमी सायबांना बघा. सैपाकघरात पाय ठेवायचा नाय."

"माझ्याच?"

"तुमच्याच."

सकाळी तिनं पाणी पुन्हा उकळलं, चिंतामणरावांसाठी मऊ भात टाकला. साडेदहाला प्रियदर्शिनी दोघींच्या पाया पडायला आली.

"नीट वाच. घाई करू नको," बाई सैपाकघराच्या उंबऱ्याबाहेरून म्हणाल्या.

पोरगी गेली. बाईंनी तिथूनच आपला पेला पुढं केला. "सोनाबाई, जरा पाणी घालता?"

सोनाबाईनं तांब्या उचलला आणि वरून बारीक धार धरली. निम्मा पेला भरला तेव्हा तिला आपला हात दिसला. खांद्याच्याही वर गेलेला. बाईंनाही तो दिसला होता. त्या खाली मान घालून पेला धरून उभ्या होत्या, सोनाबाईची आई मालकाच्या दारी उभी राहायची तशा.

सोनाबाईनं धार थांबवली.

"हात साबणानं धुतलात?"

"धुतले."

"दाखवा."

बाईंनी पेला खाली ठेवला आणि दोन्ही तळवे पुढं केले. सोनाबाईनं ते उलटे करून बघितले, नखंसुद्धा. मग ती उंबऱ्याशी येऊन बसली आणि उरलेला पेला तिनं जवळून भरला.