दुसरा कोट

आमच्या लालबागच्या चाळीला दरवर्षी चुना मारायला येणारा रंगारी थराला 'कोट' म्हणायचा. शाळेत मी कोट म्हणजे अंगात घालायचा तो, एवढंच शिकलो होतो. "ह्यो पण झाकायलाच," तो म्हणायचा, तेही भिंतीकडेच बघत.

संयुक्त महाराष्ट्राच्या गोळीबारात आमच्या जिन्यापाशी एक गिरणी कामगार पडला. भिंतीवरचं रक्त झाकायला मालकानं रंगाऱ्याला बोलावलं. एरवी दाट हात मारणाऱ्या त्या माणसानं चुना पाण्यासारखा पातळ कालवला.

"अजून दिसतंय. आणखी एक कोट दे," मालक म्हणाला.

"दिसतंय तोवर बरं आहे, शेट," म्हणत त्यानं कुंचा धुवायला घेतला.

पुढच्या वर्षी दुसरा रंगारी आला. त्याचा एकच कोट पुरला.