पेनं इकडे

शाळेत तिला फ्यूजबाई म्हणत. समोर नुसतं 'बाई', पाठ वळली की 'फ्यूजबाई'. ती नववीला वीज शिकवायची आणि तिचं डोकं कधी उडेल याचा नेम नसायचा. हे नाव तिच्या कानावर आलं होतं, आणि तिला ते आवडलंही होतं. नवऱ्याला ती म्हणायची, "फ्यूज उडतो म्हणून घर वाचतं. न उडणारा फ्यूज काय चाटायचाय?"

नवरा शिंपी. घरातच मशीन टाकून बसलेला, तोंडात टाचण्या धरून बोलणारा. शेजारी म्हणत, याच्या हातात सुई आणि हिच्या हातात पक्कड, ही जोडी उलटी शिवलीय. तो टाचणी न काढता उत्तर द्यायचा, "उलटीच शिवतात कापडं. मग सुलटी करून घालतात."

तिचे वडील पंखे दुरुस्त करायचे. पुढच्या खोलीतच दुकान. फरशीवर उघडलेली मोटार, तांब्याच्या तारेची भेंडोळी, आणि सगळ्याला जळक्या वार्निशचा वास. वडील शिडीवर चढले की पक्कड धाकट्या भावाच्या हातात आणि शिडी हिच्या. भावाला पक्कड कुठली नि पाना कुठला हे कळत नव्हतं, तरी पक्कड त्याच्याकडेच. एकदा तिनं विचारलं, "अण्णा, आज मी चढू?" वडील वरून म्हणाले, "तू घट्ट धर गं पोरी. तुझ्याच जीवावर तर मी वर आहे." केवढं कौतुक! तिला पुष्कळ वर्षं ते कौतुकच वाटलं. शिडी धरणाऱ्याशी गोड बोललं की तो जन्मभर खालीच राहतो, हे कळेपर्यंत भाऊ दुकानाचा मालक झालेला होता.

म्हणून ती शिक्षिका झाली. तार हातात यावी म्हणून.

आणि शाळेच्या प्रयोगशाळेत येऊन बघते तर काय, तिथेही शिडीच.

प्रत्येक टेबलाशी चौघं, दोन मुलं आणि दोन मुली. मुलांनी जोडणी करायची, मुलींनी निरीक्षणं लिहायची. हा नियम कुठेच लिहिलेला नव्हता. विज्ञानाचे थोरले सर तिच्या आधीपासून तिथे होते आणि नियम बहुधा त्यांच्याही आधीपासून. मुलींच्या प्रयोगवह्या बघाव्यात तर आकृत्या छापल्यासारख्या, समासाची रेघ लाल, गुण पैकीच्या पैकी. पहिल्याच तासाला तिनं वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीला उभं केलं. ती दरवर्षी पहिली यायची म्हणून तिला 'पहिली' असंच म्हणत. "चल, सेल, कळ आणि दिवा जोडून दाखव."

पहिलीनं तार उचलली, पण मेलेली पाल शेपटीनं धरावी तशी. मग हळूच खाली ठेवून म्हणाली, "बाई, मी आकृती काढून दाखवू?"

फ्यूज तिथेच उडाला. पोरीवर नव्हे. घंटा झाल्या झाल्या ती शिक्षकांच्या खोलीत गेली आणि थोरल्या सरांच्या पुढ्यात उभी राहिली.

"सर, मुलींना जोडणी का नाही?"

"अहो, काही जळलं-बिळलं तर? लोकांच्या पोरी आहेत."

"दीड व्होल्टचा सेल आहे तो. त्याहून मोठा चटका तुमच्या हातातल्या चहाचा बसेल."

दोघे-तिघे हसले. सर हसले नाहीत. "आणि मुलींचं अक्षर कसं मोत्यासारखं असतं, बाई. मुलांचं वाचवत नाही."

"मग मुलांचं अक्षर सुधारू या की! लिहिल्याशिवाय सुधारतं होय?"

दुसऱ्या दिवसापासून तिनं बाजू बदलल्या. मुली तारा सोलू लागल्या, मुलं लिहू लागली. मुलांच्या वह्यांत मुंग्यांनी शाईत पाय बुडवून शर्यत लावल्यासारखं दिसायचं. मुलींच्या बोटांना चिरा पडल्या, नखं काळी झाली. एका मुलीनं कळ उलटी बसवली, एकीनं दोन सेलांची तोंडं एकमेकांना भिडवून ठेवली. बाई ओरडायची, पण मुलांवर ओरडायची तेवढंच. कमीही नाही, जास्तही नाही. हे मुलींना नवं होतं. आजवर चुकलं की "राहू दे, तू लिही" एवढंच त्यांनी ऐकलं होतं.

मग आला एका मुलाचा बाप. मुलगा अंगानं आडवा, म्हणून वर्ग त्याला दांडगा म्हणायचा. बापाचं कापडाचं दुकान, आवाज दुकानातल्यासारखाच.

"बाई, माझ्या मुलाला तुम्ही कारकून करताय का? पोरगा घरी येऊन रडतो. म्हणतो, पोरी जोडतात आणि आम्ही नुसतं लिहितो!"

"वाईट वाटतं ना?"

"वाटणारच!"

"इतकी वर्षं पोरी लिहीत होत्या, तेव्हा कोणी वाईट वाटून घ्यायला आलं नाही. म्हणजे हे काम कमी दर्जाचं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त ते कुणाच्या वाट्याला आलंय, त्यावर तुमचं दुःख ठरतं."

बाप तिथून निघाला तो थेट मुख्याध्यापिकेच्या खोलीत. मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी फ्यूजबाईला बोलावलं, दार लावून घेतलं.

"पुढच्या आठवड्यात पाहणी समिती येतेय. त्या दिवशी सगळं पहिल्यासारखं हवं. नाहीतर प्रयोगशाळेची किल्ली सरांकडे आणि तुम्ही पाचवीवर."

"मोठ्या बाई, शाळेत तुम्ही पण मुलगीच होतात ना?"

"होते तर," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि माझं अक्षर अजून बघा."

त्यांना त्याचा खरंच अभिमान होता. दगडावर डोकं आपटलं तर दगडाला काही होत नाही. ती निघाली. पण बाजू तिनं परत पहिल्यासारख्या केल्या नाहीत.

समिती आली. दोन पुरुष, एक बाई, मागे मोठ्या बाई आणि थोरले सर. फ्यूजबाईनं सकाळीच टेबलं मांडून ठेवली होती. मुलींच्या हातात तारा, मुलांपुढे वह्या. दार उघडलं. पाहुणे आत आले.

आणि तिच्या डोळ्यांदेखत मुलींनी तारा खाली ठेवल्या. एका टेबलावर, मग दुसऱ्या, मग सगळ्याच. तारा मुलांकडे सरकल्या, वह्या मुलींकडे आल्या, टोपणं उघडली. पहिलीनं तर समासही आखायला घेतला. कोणी सांगितलं नव्हतं. कोणी डोळाही मारला नव्हता. पाहुणे आले की घर आवरावं, तसं त्यांनी स्वतःला आवरून घेतलं होतं.

थोरले सर गालात हसले. समितीतल्या बाई कौतुकानं म्हणाल्या, "किती शिस्तीच्या आहेत हो मुली!"

टेबलावरचा पत्र्याचा ट्रे फ्यूजबाईनं उचलला, त्यातले बल्ब खाली ठेवले आणि ओळीनं फिरली. "पेनं इकडे. टाका. तू पण. सगळ्यांनी." ट्रेमध्ये पेनं खणाखण पडू लागली.

"बाई, मग नोंदी?" समितीतल्या एकानं विचारलं.

"नोंदी नंतर. आधी दिवा. ज्याच्या हातात पेन होतं त्यानं तार उचलायची."

मोठ्या बाईंनी घसा खाकरला. कोणी ऐकलं नाही. पोरींनी तारा उचलल्या. एक दिवा लागला, शेजारचा लागला. पहिलीचा लागला नाही. तिनं कळ परत दाबली. नाहीच.

थोरले सर पुढे झाले. "दांडग्या, बघ रे जरा तिला."

"बसायचं!" बाईचा आवाज असा आला की दांडगा अर्धा उठलेला धपकन बसला. ती सरांकडे वळली. "तुमच्या तासाला याचा दिवा लागला नव्हता, तेव्हा तुम्ही म्हणालात बल्ब गेलाय. आज हिचा लागला नाही तर मुलगी गेली होय?"

पहिलीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण बोटं चालू होती. तिनं एकेक जोड ओढून बघितला, तारेचं टोक नाकाजवळ नेलं. वीज अडवणारं टोकाचं वार्निश खरवडायचंच राहिलं होतं. तिनं ते दातांनी खरवडलं, थू केलं, परत जोडलं. दिवा लागला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. समितीतल्या बाई जाता जाता म्हणाल्या, "दातांनी बरं नाही हं, बाळ." झालं! दात तेवढे दिसले, दिवा दिसला नाही.

संध्याकाळी किल्ली सरांकडे गेली. घरी नवऱ्यानं तोंडातल्या टाचण्या काढल्या, हे क्वचितच व्हायचं. "वाईट वाटतंय?"

"अहो, वाईट कसलं? मला संताप येतोय."

"मग ठीक आहे," असं म्हणून त्यानं टाचण्या परत तोंडात धरल्या.

पाचवीचा वर्ग प्रयोगशाळेला लागूनच होता, मधे भिंतीऐवजी नुसती लाकडी फळी. दुसऱ्या दिवशी पलीकडून थोरल्या सरांचा आवाज आला. "मुलींनो, वह्या काढा. लिहा."

वह्यांची सळसळ झाली.

"सर, पेन नाही आणलं." पहिलीचा आवाज.

"आणि शेजारची, तुझं कुठाय?"

"माझं पण नाही, सर."

"आणि तू गं?"

"नाही, सर."

"कमाल आहे! दांडग्या, तू लिही मग."

दांडगा कुरकुरला, "काय लिहू, सर? अजून जोडलंच नाही तिनं."

फ्यूजबाई फळीपाशी उभी राहून ऐकत होती. हसू आलं, पण राग काही उतरला नाही. उतरावा असं काही घडलंच नव्हतं. ती वळली आणि पाचवीचं पुस्तक उघडलं. धड्याचं नाव 'आपले घर'. चित्रात बाबा शिडीवर, मुलगा त्यांना बल्ब देतोय, खाली मुलगी दोन्ही हातांनी शिडी धरून हसतेय.

"या चित्रात काय चुकलंय?"

पोरांनी पुस्तकांत डोकी घातली. शेवटी पुढच्या बाकावरची एक चिमुरडी म्हणाली, "काही नाही, बाई. सगळे कामं करतायत."

बाईनं पुस्तक उंच धरलं. आवाज फळीपलीकडेही गेला असणार.

"परत बघा. शिडी कोण धरतंय?"