नावाखालची बारीक ओळ

अक्कांनो, आज लई खूश हाय मी! माझी नात पूजा बाहेरगावी गेलेल्या आमच्या चिटगुप्पा गावच्या लोकांना ईमेलवर गावच्या बातम्या धाडती. कुणी उघडतच न्हाई म्हणून सकाळी ती सगळं बंद करायली होती.

मी म्हणलं, "त्यांना काय दिसतंय, दाव बरं." ईमेल उघडायच्या आधी धाडणाऱ्याच्या नावाखाली एक बारीक ओळ दिसती. तिथं आपोआप आलं होतं, "चित्र दिसत नसल्यास इथे दाबा."

"आगं, दारात आलेल्याला असं कोण बोलतंय?"

"मग काय लिहू, आज्जी?"

"जेवलात का, इचार. कन्नडमधी ऊट आयता म्हण."

पोरीनं हसत तेच टाकलं, वर "आज्जी इचारती" असंबी जोडलं. दुपारी पुण्याहून एका पोराचं उत्तर आलं, "न्हाई आज्जी, अजून जेवलो न्हाई. इथं कुणी इचारत न्हाई."

पूजा आता बंद करीना. पर ते लेकरू मग जेवलं का, हे इचारायला मी तिला परत बसवलंय.

तुमचं झालं का जेवण?