डोळे शेवटी

बाबांच्या डाव्या डोळ्यात लोखंडाचा कण उडाला तेव्हा मी पाचवीत होते. ओझरच्या बाजूला एका लहानशा वर्कशॉपमध्ये ते ग्राइंडरवर काम करायचे. ऑपरेशन झालं, पट्टी बांधून घरी आले आणि म्हणाले, दिसतं की नाही ते पंधरा दिवसांनी पट्टी सुटल्यावरच कळेल.

आईनं लगेच गडावरच्या देवीला नवस बोलला. लोक चांदीचे डोळे वाहतात. आई म्हणाली, मी देवीची एक्कावन्न चित्रं स्वतः रंगवून गडावर बायकांना वाटीन. चित्रं आत्ताच रंगवायची, पण डोळे शेवटी. बाबांचा डोळा उघडला की मग देवीचे.

द्वारका चौकाजवळच्या एका छापखान्यातून लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे उरलेले तुकडे आणले, पत्त्याएवढे. कॅलेंडरवरच्या देवीवरून आई कार्बननं आकृती उतरवायची. पत्त्याएवढ्या जागेत अठरा हात! एखादा हात राहिला तर कार्ड बाद. तोंडाला पोस्टर कलरचा शेंदरी, साडीला तेलखडू, काठाला माझे शाळेचे स्केचपेन. तेलखडूवर पाण्याचा रंग बसत नाही आणि ओल्या रंगावर स्केचपेन फुटतो, हे मी तेव्हा शिकले. चित्रकलेच्या बाईंनी कधी शिकवलं नव्हतं.

सुकायला ठेवलेली कार्डं खोलीभर पेपरवर पसरलेली असायची. शेंदरी तोंडं, लाल ओठ, नथ, आणि डोळ्यांच्या जागी काहीच नाही. मला भीती वाटायची, सरळ सांगते. त्यांच्याकडे तोंड करून बसवत नसे आणि पाठ करून तर मुळीच नाही. मधोमध कॉटवर बाबा पट्टी बांधून बसलेले असायचे. मी एकदा आईला म्हटलंही, काढून टाक ना गं डोळे, कसल्या भयाण दिसतात. तिनं असं पाहिलं की मी जीभ चावली.

पट्टी सुटायला पाच दिवस उरले असताना आई बाजूला बसली. आमच्याकडे ते चार दिवस कडक पाळायचे. गॅलरीत वेगळ्या चटईवर ती बसली, कशालाही हात लावायचा नाही, आणि उरलेली कार्डं माझ्यावर आली. ती लांबूनच सांगायची, शेंदरी पातळ झालाय, काठ जाड कर. मी आधीच तापट, त्यात डोक्यावर ही मास्तरीण. मला तिडीक आली होती.

दुपारी तिचा डोळा लागला. मी हातातलं कार्ड धरलं आणि काळ्या स्केचपेननं दोन टपोरे डोळे काढले. एकच, म्हटलं, एका देवीला तरी दिसू दे. शेंदरी ओला होता. एक डोळा नीट बसला, दुसरा फुटला आणि त्याचा काळा ओघळ गालावरून हनुवटीपर्यंत गेला. कार्ड स्वतःच्या तोंडाशी धरून बघितलं कुठला ते. डावाच. बाबा कॉटवरून माझ्याकडेच बघत होते, पण त्यांना काय दिसलं कोण जाणे. मी ते कार्ड भूगोलाच्या वहीच्या कव्हरात सरकवलं आणि त्याच्या जागी दुसरं रंगवून ठेवलं.

पाचव्या दिवशी आई न्हाली आणि बाबांबरोबर दवाखान्यात गेली. परत आली ती थेट कार्डांपाशीच. सगळी कार्डं पिशवीत भरली आणि बिनडोळ्यांचीच गोदावरीत सोडून आली. डोळा गेला होता. मला तर कारण माहीत होतं. कुणी देवीचं नाव काढलं तरी मी तिथून उठून जायचे.

बारा वर्षांनी माझं लग्न ठरलं. गडावर ओटी भरायला जायचं होतं. आई म्हणाली, तू आणि बाबा जा, माझे गुडघे दुखतात. हे गुडघे बारा वर्षं फक्त गडाच्या नावानं दुखायचे. त्या दिवशी मला राहवेना. बाबांसमोर बसले आणि त्या कार्डाचं सगळं सांगून टाकलं, रडत रडत.

बाबा म्हणाले, "अगं, डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दिसणार नाही म्हणून. पण तुझ्या आईनं नवस बोलून टाकला होता. म्हटलं, पंधरा दिवस तरी तिला आशेवर राहू दे."

माझा असा संताप झाला! बारा वर्षं मी जीव मुठीत धरून जगले, आणि हे? मी काहीबाही बोलत सुटले. मग बाबा माझ्या मागे बघताहेत असं लक्षात आलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात पिठात माखलेले.

"मी बाजूला बसले त्या दिवशी, दोन कार्डं रंगवून झाल्यावर मला कळलं, पाळी आलीय," ती म्हणाली. "बाद करायला हवी होती. नाही केली, तशीच मिसळून ठेवली. म्हणून तुमचा डोळा गेला, असं धरून चाललेय मी. म्हणून गडाची पायरी चढले नाही."

बाबा खाली बघायला लागले.

"आणि तुम्ही," आई म्हणाली, "बारा वर्षं नुसते बघत बसलात?"