भावाच्या ट्रकची कॅमशाफ्ट

माझे मोठे दीर, आबा, धुळ्याला आग्रा रोडवर ट्रक दुरुस्त करायचे. ट्रक दारात आला तरी ते बॉनेट उघडत नसत. आधी ड्रायव्हरला विचारायचे, "गाडी कोठे चालस? काय भरस?" उत्तर पटलं नाही तर भरलेल्या गाडीत बसून स्वतः एक फेरी मारून यायचे. गिऱ्हाईक वैतागायचं. आबांना त्याचं काही नव्हतं.

कोणी कॅमशाफ्ट बदलायला आला की त्यांचं डोकं फिरायचं. हा इंजिनातला दांडा. त्याच्यावरचे उंचवटे फिरता फिरता व्हॉल्व्ह उघडतात. उंचवटे मोठे असले तर सपाट रस्त्यावर गाडी पळते, पण भरल्या गाडीने हळूहळू चढताना दम सोडते. ड्रायव्हरांना मोठीच हवी असायची. आबा म्हणायचे, "पायजमा शिवताना स्वतःची कंबर मोजतोस ना? मग इथे शेजाऱ्याची का मोजतोस?"

माझा नवरा त्यांचा धाकटा भाऊ. आमचा एकच ट्रक होता. जळगावहून केळी भरायची आणि साक्रीवरून कोंडाईबारीचा घाट ओलांडून सुरतेला न्यायची. दुसऱ्यांच्या गाड्या आधी पोचायला लागल्या, तसा व्यापारी कुरकुरू लागला. काम जाईल या धास्तीने नवऱ्याने मोठी कॅमशाफ्ट विकत आणली आणि आबांपुढे ठेवली. "हीच बसवा." आबा आधी नाही म्हणाले. मग "बरं, बसवतो" म्हणून ठेवून घेतली.

गाडी परत मिळाली आणि हा खूश. "गाडी उडस!" म्हणून ज्याला त्याला सांगत सुटला. केळी खरोखर लवकर पोचायला लागली. वाटेत चहाला थांबणं त्याने बंद केलं होतं, ते कोणी हिशेबात धरलं नाही.

एकदा मी जाऊबाईंकडे गेले होते. फळीवरून डबा काढताना तीच मोठी कॅमशाफ्ट दिसली, तेलकट फडक्यात गुंडाळलेली. मी पदर सावरून विचारलं, "आबा, मग गाडीत काय बसवलं?"

"होती त्याच मापाची, नवी. मोठी घातली असती तर तो चढावर अडकला असता, आणि गेलेला वेळ उतारावर भरून काढायला गेला असता. तुला तो घरी पाहिजे ना? मग गप्प बस."

मी ती पुन्हा फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवली.

पण नवऱ्याचं तोंड गप्प नव्हतं. घाटातून जाणारे ड्रायव्हर आबांकडे येऊ लागले. "भावाला बसवली तसलीच आम्हाला." आबा टाळत राहिले. शेवटी एक जण भडकला. "भावाला एक आणि आम्हाला एक का, आबा?"

नवरा तिथेच बाकावर बसला होता. आबा म्हणाले, "त्याच्या गाडीत मोठी शेच नही. जुन्याच मापाची शे."

सगळे हसले. "मग उडते कशी रे? पंख लावलेस का?"

नवरा उठला, गाडी काढली, आणि त्या गॅरेजात परत पाय ठेवला नाही. मी आबांना म्हटलं, चारचौघांत कशाला सांगितलंत? ते म्हणाले, "भावाला वाचवायला खोटं बोललो. तेच खोटं ऐकून बाकीच्यांना घाटात जाऊ देऊ?"

पुढे घरात आबांचं नाव निघालं की नवरा ताटावरून उठायचा. आबा गेले तेव्हा खांदा द्यायला गेला.

मग आम्ही ट्रक विकायला काढला. घेणारा चाळीसगावचा होता. त्याने इंजिन पाहिलं आणि म्हणाला, "चांगलं आहे, फक्त मोठी कॅमशाफ्ट टाकून घेतो."

"माझ्या भावाने घाट बघून बसवलीय," नवरा म्हणाला. "तिला हात लावणार असाल तर गाडी द्यायची नाही."