मॅडमसमोर मी जे बोलले

देवापुढे बसले की मी आधी आदल्या दिवसाची चूक कबूल करते, मग मागणं मागते. गेले पंधरा दिवस चुकीपाशीच अडते आहे, मागण्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून देवाला लिहिते त्या वहीत आज सगळं सरळ लिहून काढते.

चूक माझ्या मुलीच्या बाबतीत झाली. ती आमच्या घरातली पहिली पदवीधर. माझं शिक्षण सातवीपर्यंत, हे दहावी नापास. हे प्लंबर आहेत. लहानपणी सुट्टीच्या दिवशी ती ह्यांच्या मागे कामावर जायची, पाने-पकडी हातात द्यायची. एकदा ह्यांनी कुणाकडचा जुना पाइप कापला, तर आत पांढरा थर इतका साचलेला की पेन्सिलही जाईना. पाइप टाकून द्यायचा, तर हिने त्याचा तुकडा घरी आणला, त्यावर लिंबू पिळलं आणि तो फसफसायला लागला तशी तासभर त्याच्यासमोर बसून राहिली. मला तेव्हा लिंबं वाया गेल्याचाच राग. हे मात्र तिला टीपकागद म्हणायला लागले, दिसेल ते शोषून घेते म्हणून.

तीच पुढे रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाली. शहराच्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी मिळत होती. त्याच वेळी कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या, पुढे शिक, मग संशोधन कर, विभागात एक जागा आहे, विद्यावेतनही मिळेल. तिचा जीव दोन्हीकडे ओढायचा. अजून सहा-सात वर्षं शिकायचं म्हणजे रोज उठून करायचं काय, हे सांगणारं आमच्या गोतावळ्यात कुणी नाही. ह्यांनी विचारलं, एवढं शिकल्यावर शेवटी तुझी परीक्षा घेणार कोण? ती हसली, पण उत्तर तिलाही धड येत नव्हतं. हे म्हणाले, पुढचं वळण ठाऊक नसेल तर मी खोदायला घेत नाही, पण हे खोदकाम तुझं आहे, तू ठरव.

मॅडमनी आम्हा तिघांना भेटायला बोलावलं. त्या जागेसाठी वर्गातल्या दोन मुलींमधून एकीचं नाव त्यांना पाठवायचं होतं. लहानशी खोली, भिंतभर बाटल्यांचं कपाट. हे खुर्चीच्या कडेवर बसले. मॅडम म्हणाल्या, इतकी चिकाटीची मुलगी मी बऱ्याच वर्षांत पाहिलेली नाही. माझा ऊर भरून आला, आणि त्याच क्षणी भीती वाटली. परक्यासमोर आपल्या लेकराचं कौतुक करू नये, कुणी केलं तर खाली पाडावं, दृष्ट लागते, हे मला आईने शिकवलेलं. मी बोलून गेले, “कसली हुशार हो मॅडम, घोकंपट्टी आहे सगळी. घरात एक काम धड करत नाही, अर्ध्यावर टाकून उठते.”

आमच्या जिन्यात हे असंच चालतं. मी माझ्या मुलीला नावं ठेवायची, शेजारणीने “छे हो, गुणाची आहे” म्हणायचं, मग तिने तिच्या मुलाला नावं ठेवायची आणि मी “छे हो” म्हणायचं. मॅडम आमच्या जिन्यातल्या नव्हत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“अर्ध्यावर टाकते?”

आता बोललेलं गिळायचं कसं? मी म्हटलं, “हो ना.”

मुलगी बाटल्यांकडे बघत राहिली. मॅडम म्हणाल्या, हे काम अर्ध्यावर सोडण्यासारखं नाही, नीट विचार करा, सोमवारी सांगा. बाहेर आल्यावर हे मला म्हणाले, गिऱ्हाइकासमोर मी माझ्याच कामाला नावं ठेवली तर ते मला पुन्हा बोलावेल का?

दोन दिवसांनी, मी भाजी निवडत असताना, मुलगी जवळ येऊन बसली. म्हणाली, “आई, तू म्हणतेस ते खरं असेल. मला सगळ्यांत जास्त तूच पाहिलंयस.”

“अगं, ते उगीच आपलं बोलायचं म्हणून.”

“मग खरं काय ते कधी बोलली आहेस?”

मी आठवून पाहिलं. ह्या वहीत तिचं कौतुक पानापानावर आहे. ते देवाला सांगितलं. तिला एकदाही नाही.

सोमवारी एकटीच कॉलेजात गेले. बाकावर तासभर बसले, मग मॅडमना पाइपचं आणि लिंबाचं सांगितलं, तिने अर्ध्यावर टाकलेलं एकही काम मला आठवत नाही हेही सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, तिने शनिवारीच फोन करून नको म्हणून कळवलं, दुसरीचं नाव गेलं. पुढच्या वर्षी जागा निघेल कदाचित. पण हे मला सांगून काय उपयोग, तिला सांगा.

घरी ती नोकरीच्या पहिल्या दिवसासाठी कपड्यांना इस्त्री करत होती. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. इस्त्री थांबली नाही.

“वर्षभर काम करून बघते,” ती म्हणाली. “मला खरंच जायचंय का ते माझं मला कळू दे. तुझ्या बोलण्यावरूनही नको आणि मॅडमच्याही नको.”

शहाणपणाचं बोलली. पण मी तोंड उघडलं नसतं तर हेच बोलली असती का, हे मला कधी कळणार नाही.

काल शेजारीण आली. म्हणाली, लेक नोकरीला लागली म्हणे, नशीब काढलंत. माझ्या तोंडून निघालं, “कसलं नशीब, बाटल्या धुवायचं काम असेल.” मुलगी आतच होती. मी तिथल्या तिथे म्हटलं, “नाही, खोटं बोलले. फार हुशार आहे ती.” पुढे “छे हो” म्हणायची सोयच उरली नाही, तेव्हा शेजारीण मला ताप आल्यासारखं माझ्याकडे बघत राहिली.

मुलीने दोन्ही ऐकलं असेल. आधी कुठलं ऐकलं, तेही मला ठाऊक आहे.